दयाळ आणि श्यामा
(नभोवाणीवरील भाषण)



चैत्र लागला म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावांत पहाटे, समोरचा माणूस ओळखू येण्याइतकाही उजेड झालेला नसतो अशा वेळी, एक शीळ सुरू होते. ती कडुनिंबाच्या शेंड्यावरून येते, शाळेच्या कौलांवरून येते, आणि अलीकडे तर मोबाइलच्या मनोऱ्यावरूनही येते. ज्यांना पहाटे उठण्याची सवय आहे त्यांच्या कानी ती पडली नसेल असे व्हावयाचे नाही. गाणारा पक्षी दयाळ. ह्या दयाळाचा श्यामा नावाचा एक जवळचा भाऊबंद आहे. त्याचे गाणे दयाळाच्या गाण्याहूनही सरस मानतात. परंतु वयाची साठ वर्षे उलटेपर्यंत मी ते त्याच्या स्वतःच्या रानात ऐकलेले नव्हते. आज ह्या दोघा भावांविषयी बोलावे असे योजिले आहे. मी पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन मी खेड्यांतल्या शाळांत मुले शिकविली, एवढीच माझी विद्या. तेव्हा शास्त्र थोडे आणि पाहिले-ऐकलेले अधिक, असे हे भाषण होईल. दुसरी अडचण अशी की मला शीळ घालता येत नाही.

प्रथम दोघांची ओळख करून देतो. दयाळ बुलबुलाएवढा, सुमारे आठ इंच लांब. नर वरून तुकतुकीत काळा. डोके, गळा आणि छातीही काळी. पोट स्वच्छ पांढरे. पंखावर एक लांब पांढरा पट्टा, आणि शेपटी बहुधा उभारलेली. मादीच्या अंगावर नराच्या काळ्याच्या जागी पाटीच्या दगडासारखा करडा रंग असतो. पुष्कळ लोक ह्याची आणि चिरकाची गल्लत करतात. चिरक दयाळाहून लहान, त्याचे पोट पांढरे नसते आणि शेपटीखाली तांबूस रंग असतो. एकदा हा फरक डोळ्यांत बसला म्हणजे मग चूक होत नाही.

श्यामाही वरून तसाच काळा आणि चमकदार. परंतु त्याचे पोट पांढरे नसून विटेसारखे तांबूस-तपकिरी असते, आणि पाठीचा खालचा भाग, जेथून शेपटी निघते तेथे, पांढराशुभ्र असतो. पक्षी झाडोऱ्यातून उडून जाऊ लागला की ते पांढरे क्षणभर चमकते. बहुतेक वेळा पाहणाराच्या वाट्याला तेवढेच येते. अंगाने तो दयाळाएवढाच. पण नराची शेपटी लांब, पायरीपायरीने निमुळती होत गेलेली, म्हणून चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत तो दहा-अकरा इंच भरतो. मादी करडी-तपकिरी, पोटाखालचा तांबूस रंग फिका आणि शेपटी आखूड. दोघांनाही पूर्वी कस्तूरांच्या कुळात बसवीत. आता विद्वान त्यांना माशीमारांच्या कुळात घालतात. पक्ष्यांना ह्या स्थलांतराचा काही पत्ता नाही.

श्यामा मी पहिल्याने पाहिला तो पिंजऱ्यात. मी सात-आठ वर्षांचा असेन. माझे मामा नागपुरास महालात राहत. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्यांच्याकडे जात असू. माजघरात खुंटीला एक वेताचा पिंजरा टांगलेला असे आणि त्याला चारी बाजूंनी जाड खादीचे कापड गुंडाळलेले असे. मला वाटे आत काहीतरी खाण्याचे जिन्नस असावेत. एके संध्याकाळी त्या कापडाच्या आतून असा काही आवाज निघाला की मी हातातली वाटी खाली ठेवली. मी कापड वर करू लागताच मामा म्हणाले, "अरे, हात लावू नकोस. उजेडात हा गात नाही."

त्या काळी असे पक्षी बाजारात उघड विकले जात. मामा त्याला डाळ्याचे पीठ तुपात मळून देत, आणि आम्हां पोरांना दहा नाकतोड्यांमागे एक पैसा मिळे. त्या एका उन्हाळ्यात नागपूरच्या परसांतून आम्ही किती नाकतोडे वेचले असतील ह्याची गणतीच नाही. तो श्यामा विहिरीच्या रहाटाचा करकराट हुबेहूब काढी. शेजारच्या दाराची कडी वाजवी. पिंगळ्याचा आवाज काढून मामींना दचकवी. आलेगेले लोक ह्याच करामतीचे कौतुक करीत, आणि मीही पुढे कित्येक वर्षे शाळेत मुलांना हेच सांगत आलो की, श्यामा म्हणजे नकला करणारा पक्षी.

आता दयाळाकडे वळतो. कारण तो माझ्या रोजच्या पाहण्यातला. दयाळाची सारी वागणूक उघड्यावरची आहे. हिवाळ्यात तो असून नसल्यासारखा असतो. झुडपांखाली उतरून किडे वेचतो, मधूनच एखादी करुण, लांबट शीळ किंवा रागीट खरखर काढतो, आणि आपण त्याला विसरून जातो. पांगारा आणि सावर फुलली म्हणजे त्या फुलांतील मध पिण्यास तो येतो. उन्हे तापू लागली की त्याला कंठ फुटतो. मग तो आसपासची सर्वांत उंच आणि उघडी जागा निवडतो, शेपटी पसरतो, पुन्हा उभारतो, आणि तासतासभर गातो. दुसरा नर हद्दीत आला तर छाती फुगवून, चोच आकाशाकडे करून दोघे एकमेकांसमोर उभे राहतात. तो सगळा प्रकार ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखा दिसतो. मादीही नराजवळ असताना थोडेसे गाते, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. आपण ऐकतो ती बहुतेक नराची बाजू.

ह्या पक्ष्याच्या नावाची एक गमतीची हकीकत आहे. आपल्याकडील दयाळ किंवा दहियल हा शब्द इंग्रजांच्या कानी पडला. १७३७ साली एलीझर आल्बिन नावाच्या चित्रकार-लेखकाने त्याचे चित्र छापताना नाव दिले 'डायल-बर्ड'. डायल म्हणजे इंग्रजीत छायायंत्राची तबकडी. पुढे लव्हायां ह्या फ्रेंच पक्षिवेत्त्याने तोच अर्थ खरा धरून त्याचे नाव आपल्या भाषेत 'छायायंत्र' असेच करून टाकले. लिनीयसने १७५८ साली 'सौलारिस' हे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा काही लोक म्हणाले की त्याला 'सोलारिस', म्हणजे सूर्याचा, असे लिहावयाचे होते आणि लेखणी चुकली. परंतु एडवर्ड ब्लाइथ याने दाखविले की तसे नाही. मद्रासहून विलायतेस हा पक्षी धाडला तेव्हा त्याबरोबर 'सौलरी' असे देशी नावच लिहून गेले होते, आणि त्याचा अर्थ शंभर गाणी. शब्दाचा अर्थ विचारल्यावाचून पुढे जाऊ नये असे मी मुलांना नेहमी सांगत असे. हे उदाहरण मला नोकरीत असताना ठाऊक असते तर किती बरे झाले असते!

श्यामाच्या गाण्याचा मान मात्र त्याहून मोठा, आणि नभोवाणीवरून बोलताना तो सांगितलाच पाहिजे. १८८९ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी लुडविग कोख नावाचा आठ वर्षांचा मुलगा होता. वडिलांनी त्याला एडिसनचे ध्वनिलेखन-यंत्र आणून दिले होते, मेणाच्या नळकांड्यावर आवाज उमटविणारे. मुलाने त्या यंत्रापुढे आपला पिंजऱ्यातला पक्षी ठेवला. तो पक्षी श्यामा होता. पक्ष्याच्या गाण्याचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण ते हेच. कोख पुढे मोठेपणी नाझी राजवटीतून निसटून १९३६ साली इंग्लंडास गेला आणि तेथील बीबीसीच्या नभोवाणीवर पक्ष्यांचे आवाज ऐकवून घरोघर प्रसिद्ध झाला. म्हणजे यंत्राने जगात जो पहिला पक्षी टिपून ठेवला तो आपल्या पूर्वेकडील रानांतला. आणि तोही, माझ्या मामांच्या श्यामाप्रमाणेच, पिंजऱ्यातला.

सेवानिवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी मला गोंदिया-भंडाऱ्याकडील नागझिऱ्यास घेऊन गेला. आमच्या यवतमाळचे रान सागाचे आणि कोरडे. पाऊस साधारण चाळीस इंचांच्या आतबाहेर. टिपेश्वरात मी अनेकदा गेलो आहे. तेथे उन्हाळ्यात पाने गळून गेली म्हणजे दोनशे पावलांवरचे जनावर दिसते. पैनगंगेच्या काठचे रान त्याहून गर्द आहे, पण तेथेही मला श्यामा भेटला नाही. पूर्वेकडे जावे तसा पाऊस वाढत जातो, बांबूची बेटे दाट होतात, आणि नाल्यांच्या कडेला भर उन्हाळ्यातही ओल आणि सावली टिकते. श्यामाला हेच हवे असते. सह्याद्रीच्या जंगलांत, कर्नाळ्यासारख्या ठिकाणी तो आहे, आणि इकडे पूर्व विदर्भाच्या बांबूच्या रानांत आहे.

सूर्य मावळला होता. वाटाड्या म्हणाला, "गुरुजी, जरा थांबा." आम्ही एका कोरड्या नाल्याच्या काठी उभे राहिलो. मोर झोपावयास गेले, रातव्याची टकटक सुरू झाली, आणि आता काही ऐकू यावयाचे नाही असे वाटत असताना पलीकडच्या बांबूतून तो बोलू लागला. दयाळाचे गाणे लांबवर फेकलेले असते; हे तसे नव्हते. एक खोल, भरीव स्वर, मग थोडी स्तब्धता, मग दोन-तीन स्वर एकमेकांत ओवलेले, पुन्हा स्तब्धता. प्रत्येक वेळी वळण निराळे. मधूनच एका दुसऱ्या रानपाखराची हाक त्याने उचलली आणि लगेच सोडून दिली. रहाट नव्हता, दाराची कडी नव्हती. मामांच्या माजघरात जे मी ऐकले होते त्यातले अर्धेअधिक आमच्याच घरचे होते, हे मला तेथे उभे असताना कळले. अंधार पडून हाताची बोटे दिसेनाशी झाली तरी तो गातच होता. पक्षी मात्र आम्हांला एकदाही दिसला नाही.

आणि कापडाचेही कारण तेव्हाच उमगले. श्यामा गर्द सावलीतला, तिन्हीसांजेचा गवई. मामा पिंजऱ्याला कापड गुंडाळीत ते त्याच्यासाठी खोटी बांबूची बेटे आणि खोटी संध्याकाळ निर्माण करीत होते. त्यांना हे ठाऊक नव्हते. कोणीतरी विकणाराने सांगितले, आणि ते करीत राहिले. मामा प्रेमळ गृहस्थ होते. पक्षी आजारी पडला तेव्हा दोन रात्री ते जागले, हे मी पाहिले आहे. तरीही तो श्यामा कोणत्या रानातून आला हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि आम्हांलाही ते विचारावेसे वाटले नाही.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने रानपक्षी पकडणे आणि विकणे बंद झाले. चोरून चालत नसेल असे मी म्हणत नाही. पण माजघरात उघड टांगलेला पिंजरा आता दिसत नाही. आग्नेय आशियात मात्र गाण्याच्या शर्यती लागतात, त्यांत श्यामाला मोठी किंमत येते, आणि त्यापायी जंगलेच्या जंगले मुकी झाली आहेत. इंडोनेशियात २०१८ साली तो संरक्षित पक्ष्यांच्या यादीत घातला आणि शौकिनांनी ओरड करताच त्याच वर्षी यादीतून काढला. शेवटी २०२२ च्या नोव्हेंबरात पनामा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याच्या देशोदेशींच्या व्यापारावर परवान्याचे बंधन घातले. दयाळाचीही गत सगळीकडे आपल्यासारखी नाही. बांगलादेशाने त्याला राष्ट्रीय पक्षी केले आहे. तर सिंगापुरात, जेथे तो पूर्वी बागाबागांत असे, तेथे १९७० नंतर तो जवळजवळ नाहीसा झाला आणि बाहेरून आणून पुन्हा सोडावा लागला. दयाळाचाच एक सख्खा भाऊ सेशेल्स बेटांवर राहतो. १९६० नंतरच्या दशकात त्याचे वीस पक्षीही उरले नव्हते. पुढे माणसांनी फार खटपट करून त्याला वाचविले.

तेव्हा, दयाळ माणसाजवळ राहतो म्हणून तो सुखरूप आहे, ह्या समजुतीत मी होतो. ती समजूत माझ्याच हातून मोडली. ती गोष्ट सांगावी की सांगू नये, ह्याचा मी पुष्कळ विचार केला.

दयाळ आणि श्यामा दोघेही ढोलीत घरटे करतात. श्यामा झाडाच्या ढोलीत किंवा बांबूच्या बेटातील खोबणीत. दयाळ ढोलीत, आणि ढोली न मिळाल्यास भिंतीच्या भोकात, फुटक्या पाइपात, कौलांच्या वळचणीला. चार-पाच अंडी, फिकट निळसर-हिरवी, त्यांवर तपकिरी ठिपके. मादी एकटी बारा-तेरा दिवस उबविते. परंतु ह्या दोघांपैकी कोणालाही स्वतः ढोली कोरता येत नाही. ती सुताराने किंवा तांबटाने कोरून सोडलेली पाहिजे, नाहीतर जुनाट लाकूड आपोआप कुजलेले पाहिजे. गावात असे झाड उभे राहू देत नाहीत. वठलेला आंबा धोक्याचा म्हणून पहिल्याने तोडला जातो, आणि पोकळ फांदी सरपणात जाते.

मी एका लहान गावी मुख्याध्यापक होतो. शाळेची इमारत जुनी, दगडमातीची. उन्हाळ्याच्या सुटीत दुरुस्तीचे पैसे आले आणि गवंडी लावले. भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरावयाच्या होत्या. शाळेशेजारी राहणारा चौथीतला एक मुलगा बकऱ्या घेऊन तेथून जात असे. तो मला म्हणाला, "गुरुजी, मागच्या भिंतीत दयाळाचं घर हाये. ते भोक ठेवा." मी हिशेबाच्या वहीत होतो. मी म्हटले, "पाखरांना काय, गावात झाडे थोडी आहेत?" आणि गवंड्याला काही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत आलो तेव्हा मादी त्या भिंतीसमोर घिरट्या घालीत होती. तिच्या चोचीत एक हिरवी अळी होती. ती भिंतीला येऊन पायांनी धरू पाही, घसरे, समोरच्या कुंपणावर बसे, पुन्हा येई. नर वर कौलांवर होता आणि गात नव्हता. मी गवंड्याकडून छिन्नी मागून घेतली आणि स्वतः ते भोक उघडले. सिमेंट रात्रीत घट्ट झाले होते. आत चार पिले होती. त्यांतले एकही जिवंत नव्हते. तो मुलगा थोडा दूर, बकऱ्यांत उभा होता. तो काही बोलला नाही. मी त्याला रोज प्रतिज्ञा म्हणावयास लावीत होतो. त्या दिवशी त्याच्याकडे पाहण्याचा मला धीर झाला नाही. भोक मी तसेच उघडे ठेवविले. माझी बदली होईपर्यंतच्या तीन उन्हाळ्यांत त्यात काहीही आले नाही.

जिल्ह्यात नवी घरे सगळी सिमेंटची होत आहेत. माझे स्वतःचेही तसेच आहे. त्यांत भोक राहत नाही, वळचण राहत नाही. म्हणून निवृत्त होऊन घरी बसल्यावर मी सागाच्या फळ्यांची एक पेटी करविली. आत साधारण वीतभर खोली, समोर अडीच इंचांचे भोक, वर पावसासाठी उतरते झाकण, तळाला पाणी निथळण्यास दोन बारीक छिद्रे. मागच्या भिंतीला, मांजराला पोहोचता येणार नाही अशा उंचीवर, ऊन लागणार नाही असे तोंड करून ती ठोकली. सुताराने दोनशे रुपये घेतले आणि पेटीत काय ठेवणार म्हणून विचारले. पहिल्या वर्षी तीत साळुंक्यांनी भांडण केले. दुसऱ्या वर्षी चिमण्यांनी गवत भरले. आमच्या घरातून सूचना आली की, ह्या पेटीचा उपयोग चमचे ठेवण्यास करावा.

ह्या चैत्रात पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांनी दयाळाची मादी तोंडात वाळक्या मुळ्या घेऊन कुंपणावर बसलेली दिसली. नर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवरून गात होता. ती पेटीत गेली, बराच वेळ आत राहिली, आणि रिकाम्या तोंडाने बाहेर आली. नंतर दोन दिवस ती सारखी येत-जात होती. आता चार दिवसांपासून ती फारशी बाहेर दिसत नाही, आणि नर पहाटे चारलाच सुरू करतो. आत अंडी आहेत किंवा कसे, हे पाहण्यासाठी मी अजून शिडी लावलेली नाही.